९१ पर्सेंटाइल म्हणजे ९१ टक्के नव्हेत

गेल्या वर्षी सीईटीचा, म्हणजे राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला त्या संध्याकाळी आमच्या परळच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका मोबाइल घेऊन दारात आले. हातात पेढे नव्हते, यावरूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं.

"अगं, तू गणित शिकवतेस ना, मग हे मला समजाव. उत्तरं ताडून पाहिली तेव्हा पोरीचे २०० पैकी ११० होत होते. म्हणजे ५५ टक्के. निकालात आलंय ९१.३८. बरं, एवढे आलेत तर माटुंग्याचं व्हीजेटीआय कॉलेज मिळायला काय हरकत आहे? ती म्हणते, बाबा, नावही काढू नका."

काकांचे दोन्ही प्रश्न रास्त होते. ५५ चे ९१ कसे झाले, आणि ९१ असूनही दार बंद का? निकालाच्या आठवड्यात मला हे दोन प्रश्न कमीत कमी दहा जण विचारतात. त्यातले निम्मे स्वतः इंजिनीअर असतात, पण ते टक्क्यांच्या जमान्यात पास झालेले.

टक्के पेपराशी, पर्सेंटाइल माणसांशी

टक्के सांगतात की पेपरातलं तुम्हाला किती आलं. पर्सेंटाइल सांगतं की परीक्षेला बसलेल्या दर शंभरातले किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्या मागे आहेत. व्याख्या एवढीच. पेपर सोपा होता की अवघड, याच्याशी त्या आकड्याला देणंघेणं नाही.

आम्ही लालबागपासून चालत दहा मिनिटांवर राहतो, त्यामुळे मला रांगेचंच उदाहरण सुचतं. गणपतीत रांगेत उभ्या माणसाला "मंडप किती मीटर लांब आहे" हे कळून फार उपयोग नसतो. "पुढे किती माणसं आहेत" हे कळायला हवं. गुण म्हणजे मीटर, आणि पर्सेंटाइल म्हणजे माणसं.

आता काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप निघतं. पीसीएम म्हणजे भौतिक, रसायन, गणित या गटाला बसणारी मुलं हिशेबासाठी चार लाख धरू. ९१.३८ म्हणजे मागे ९१.३८ टक्के, पुढे ८.६२ टक्के. चार लाखांचे ८.६२ टक्के म्हणजे ३४,४८० मुलं पुढे. व्हीजेटीआयच्या सगळ्या शाखांच्या जागा मोजल्या तरी त्या शेकड्यांत. ९१ हा आकडा ऐकायला भरदार वाटतो, पण रांगेतली जागा पाहिली की पोरगी का नको म्हणत होती ते समजतं.

आणखी एक गंमत. चार लाख मुलं आणि २०० गुण. सगळी मुलं सारखी पसरली आहेत असं मानलं तर एका गुणावर २,००० मुलं उभी आहेत. गणिताचा एक प्रश्न दोन गुणांचा, म्हणजे एका प्रश्नात ४,००० मुलं, म्हणजे सरळ एक पर्सेंटाइल. प्रत्यक्षात मुलं सारखी पसरत नाहीत. रांग काही ठिकाणी दाट असते आणि टोकाला विरळ. दाट भागात चार गुणांत माणूस कुठल्या कुठे जातो. टोकाशी मात्र ९९ वरून ९९.५ व्हायला जीव काढावा लागतो आणि आकडा जेमतेम हलतो. म्हणून "माझे आठ गुण वाढले तर पर्सेंटाइल किती वाढेल" याला एकच उत्तर नाही. तुम्ही रांगेत कुठे उभे आहात त्यावर ते ठरतं.

निकालपत्रावर प्रत्येक विषयाचं पर्सेंटाइल वेगळं आणि एकूण वेगळं असतं. तिन्ही विषयांची सरासरी काढून एकूण येत नाही म्हणून घाबरू नका. एकूण गुणांची रांग स्वतंत्र लागते. भौतिकात पुढे असलेली मुलं रसायनात मागे असतात, सगळीकडे तीच माणसं पुढे नसतात.

पेपर वेगळे, मग तुलना कशी?

सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. लाखो मुलांना एकाच वेळी बसवायला तेवढे संगणक नाहीत, म्हणून परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत चालते. प्रत्येक सत्राला नवा पेपर. आणि दोन पेपर कितीही जपून काढले तरी तंतोतंत सारखे अवघड होत नाहीत, हे माझ्यासारख्या वर्षाला सहा पेपर काढणाऱ्या बाईला चांगलंच ठाऊक आहे.

यावरचा उपाय म्हणजे नॉर्मलायझेशन, मराठीत समानीकरण म्हणू. शब्द भारी आहे, कल्पना घरगुती. मंगळवारी पाऊस पडला, रुळांवर पाणी, लोकल पाऊण तास लेट. बुधवारी लख्ख ऊन, गाडी वेळेवर. मंगळवारी पावणेअकराला पोचलेला आणि बुधवारी दहाला पोचलेला यांत जास्त तत्पर कोण? घड्याळ बघून सांगता येणार नाही. पण मंगळवारी ऑफिसातल्या शंभर जणांत जो आठवा पोचला आणि बुधवारी शंभरांत जो आठवा पोचला, ते दोघे बरोबरीचे मानायला हरकत नाही.

सीईटी हेच करते. समजा तुमच्या सत्रात २०,००० मुलं होती आणि तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण १८,४०० जणांना होते. १८,४०० भागिले २०,०००, गुणिले १००, आलं ९२. तुमच्या पेपरात ते ११८ गुणांवर आलं असेल, दुसऱ्या सत्राच्या अवघड पेपरात १०४ वर. दोघांचंही ९२ च. मग सगळ्या सत्रांतली मुलं पर्सेंटाइलच्या क्रमाने एकाच यादीत येतात. पर्सेंटाइल दशांशचिन्हानंतर सात अंकांपर्यंत काढतात ते याचसाठी, म्हणजे एकाच आकड्यावर कमीत कमी मुलं अडकावीत. तरीही बरोबरी झालीच तर इंजिनीअरिंगसाठी आधी गणिताचं पर्सेंटाइल पाहतात, मग भौतिक, मग रसायन.

वर्तमानपत्रात "इतक्या जणांना १०० पर्सेंटाइल" अशी बातमी आली की काका लोक म्हणतात, पैकीच्या पैकी गुण पडले वाटतं. तसं नाही. प्रत्येक सत्राचा पहिला तो १००. त्याला २०० पैकी १८७ पडले असले तरी त्याच्या रांगेत त्याच्या पुढे कुणी नाही.

"माझ्या सत्रात सगळी हुशार मुलंच आली असतील तर?"

ही शंका दर वर्षी येते आणि ती मूर्खपणाची नाही. वरचं सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे. प्रत्येक सत्रात हुशार, मध्यम, कच्ची मुलं साधारण त्याच प्रमाणात असली पाहिजेत.

आमटीत मीठ बरोबर आहे का हे बघायला आपण अख्खं पातेलं पीत नाही. पळीभर चाखतो. ते चालतं, कारण आमटी ढवळलेली असते. मुलांना सत्रं वाटताना हुशारी बघून वाटत नाहीत, म्हणजे ढवळून वाटतात, आणि एका सत्रात हजारोंनी मुलं असतात, म्हणजे पळी मोठी. वीस हजारांच्या गटात सगळे एकजात हुशार येणं म्हणजे पळीत नुसतं मीठच येण्यासारखं आहे.

पण पळी लहान असली तर चव फसू शकते. एखादं सत्र फार छोटं असेल, किंवा त्याला बसणारी मुलं वेगळ्या कारणाने निवडलेली असतील, तर शंका घ्यायला जागा राहते. पेपरातच चूक झाली तर काय, याचं उदाहरण २०२५ चं. २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताचे २१ प्रश्न चुकीचे निघाले. त्या सत्राच्या २७ हजारांहून जास्त मुलांची ५ मे रोजी पुन्हा परीक्षा घेतली. बाकी सत्रांना हात लावला नाही, कारण रांगा वेगळ्या होत्या. एक रांग मोडली, तेवढीच पुन्हा लावली. मुलांना मनस्ताप झाला तो झालाच.

मग नीटसारखी एकाच दिवशी का घेत नाहीत?

नीट, म्हणजे मेडिकलची देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा, अजून कागदावर होते, त्यामुळे कुठल्याही शाळेच्या बाकावर मुलं बसवता येतात. एक दिवस, एक पेपर, ७२० गुण, समानीकरणाची गरज नाही. ऐकायला छान. पण २०२४ आठवा. २३ लाखांहून जास्त मुलं बसली आणि आधीच्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२०. पुढे काही जणांना वेळ कमी मिळाला म्हणून दिलेले वाढीव गुण काढून घेतले, १,५६३ जणांना फेरपरीक्षेची संधी दिली, भौतिकातल्या एका प्रश्नाचं एकच उत्तर धरलं, तेव्हा ती संख्या १७ वर आली. पाटणा आणि हजारीबागची पेपरफुटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली ती वेगळीच. पेपर एकच असला की तो फुटल्याचा फटका अख्ख्या देशाला बसतो. मला विचाराल तर दोन्ही पद्धतींत दुखणं आहे, फक्त सीईटीचं दुखणं गणितात मांडता येतं.

तिसरा रस्ताही आहे. अमेरिकेत शिकायला जाणारी मुलं सॅट देतात, ४०० ते १६०० गुणांची. २०२३ पासून आपल्याकडच्या मुलांसाठी ती संगणकावर आहे. पहिला भाग कसा सोडवला त्यावरून दुसरा भाग सोपा द्यायचा की अवघड हे संगणक ठरवतो, आणि प्रश्न किती अवघड होते ते धरून गुण देतो. त्या गुणांना रांग लागत नाही. पण त्यासाठी प्रश्न आधी हजारो मुलांवर तपासून ठेवावे लागतात.

वर्षातून दोन सीईटी

सध्या घराघरात चर्चा आहे ती याची. पीसीएम आणि पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) गटांची सीईटी २०२६ पासून वर्षातून दोनदा, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा मे महिन्यात घ्यायचं सरकारने ठरवलं. दोन्ही दिल्या तर जे पर्सेंटाइल जास्त ते धरायचं. जेईई मेन या देशपातळीवरच्या इंजिनीअरिंग परीक्षेत हे २०१९ पासून चालू आहे.

पालकांना वाटतं, दुसऱ्या वेळी अभ्यास वाढला की पर्सेंटाइल वाढणारच. रांग आठवा. तुमचे गुण वाढले तसे शेजारच्याचेही वाढले. शिवाय पहिल्या वेळी जे मनासारखं मिळवून मोकळे झाले ते पुन्हा यायचे नाहीत, आणि जे नुसतं बघायला आले होते तेही घरी बसतील. दुसऱ्या वेळची रांग वेगळ्या माणसांची असू शकते. तरीही मी म्हणेन, दुसरी द्या. जास्त असेल ते धरणार म्हटल्यावर तोटा एवढाच, की मे महिन्यातली गावची ट्रिप हुकते.

अभ्यासात हे कुठे लागू पडतं?

आधी परीक्षेचा नकाशा. भौतिक ५० प्रश्न, रसायन ५०, प्रत्येकी एक गुण. या दोघांना मिळून ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणित ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, त्याला वेगळी ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे १०८ सेकंद. पहिल्या ९० मिनिटांत गणिताचा भाग उघडत नाही. रसायनात वाचवलेली दहा मिनिटं गणिताला देता येत नाहीत, हे मुलांना परीक्षेच्या दिवशी कळतं तेव्हा चेहरे पडतात. बारावीचा भाग साधारण ८० टक्के, अकरावीचा २०. अकरावी सोडून दिलेल्या मुलाने गुणांचा पाचवा भाग आधीच सोडून दिलेला असतो.

आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण त्याप्रमाणे वागणारे कमी. वीस प्रश्न येतच नाहीत, चार पर्यायांतला कुठलाही टिचकवला, तरी सरासरीने पाच बरोबर येतात. गणितात ते दहा गुण. वर केलेला हिशेब बघा, दहा गुणांत किती हजार माणसं उभी आहेत. बाकीची मुलं टिचकवणारच आहेत, त्यामुळे तुम्ही प्रश्न कोरे सोडलेत तर रांगेत मागे सरकता. शेवटची पाच मिनिटं यासाठीच राखून ठेवा. जेईई मेनमध्ये बरोबरला चार, चुकीला उणे एक, तिथे एखादा पर्याय नक्की चूक म्हणून बाद करता आला तरच हात घालावा.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची वही मी दर वर्षी नव्या बॅचला दाखवते. साधी शंभर पानी वही. सराव परीक्षा झाली की ती प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे तीनपैकी एक अक्षर लिहायची: "न" म्हणजे आलंच नाही, "घ" म्हणजे घाईत चुकलं, "वे" म्हणजे वेळ पुरला नाही. महिनाभरात दिसलं की निम्म्या चुका "घ" च्या आहेत. तिने नवीन धडा एकही न करता वजाबाकीची चिन्हं आणि एकक तपासायची सवय लावली. दाट रांगेत एवढ्याने माणूस पुढे जातो. अवघड प्रश्न सोडवून तिथे फार कुणी पुढे जात नाही. सोपे प्रश्न चुकवून मागे पडणारे मात्र पुष्कळ असतात.

क्लास लावायचाच का, हेही विचारतात. आयआयटीचं वेड असेल तर तो वेगळा खेळ. नुसत्या सीईटीसाठी राज्य मंडळाची पुस्तकं ओळ न ओळ झाली असतील आणि घड्याळ लावून पंधरा-वीस पेपर सोडवले असतील, तर लाखभर रुपये भरायची गरज मला दिसत नाही. दादर स्टेशनबाहेरच्या जाहिराती वाचून ठरवू नका.

खरी जागा फॉर्मवर जाते

परीक्षेनंतर राज्याची केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया, म्हणजे कॅप. तुम्ही कॉलेज आणि शाखा पसंतीच्या क्रमाने भरता. यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात होते. तुमचा नंबर आला की संगणक तुमची यादी वरून वाचतो. उपाहारगृहात जसं होतं तसंच. बटाटावडा आहे? संपला. मिसळ? संपली. साबुदाणा वडा? आहे, घ्या. तुम्ही आधी साबुदाणा वडा मागितलात म्हणून तो जास्त नक्की मिळत नाही, आणि आधी बटाटावडा विचारलात म्हणून साबुदाणा वड्यावरचा हक्क जात नाही.

हे मी आज शहाणपणाने सांगते आहे, पण भाच्याचा फॉर्म मीच भरला होता. त्याला हवं असलेल्या कॉलेजचा आदल्या वर्षीचा कटऑफ त्याच्यापेक्षा किंचित वर होता. मी म्हटलं, धोका नको, हमखास मिळणारं पहिल्या नंबरवर टाकू. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली. नियम असा की पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती जागा घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. आठवड्याने पुढच्या फेरीची यादी लागली, त्यात त्याला हवं असलेलं कॉलेज त्याच्या पर्सेंटाइलच्या खाली बंद झालं होतं. तो म्हणाला, "मावशी, जाऊ दे." गणिताची बाई मी, आणि यादीचा क्रम चुकवला.

कटऑफ म्हणजे कॉलेजने ठेवलेली अट नाही. त्या फेरीत शेवटी आत गेलेल्या मुलाचं पर्सेंटाइल, एवढंच. यंदाचा शेवटचा मुलगा वेगळा असेल. म्हणून कटऑफच्या पीडीएफमध्ये पर्सेंटाइलसोबत छापलेला गुणवत्ता क्रमांकही बघावा. रांगेत कितवे, हे तो सरळ सांगतो.

त्या संध्याकाळी काकांनी तीच पीडीएफ उघडली आणि कपाळाला हात लावला. "हे जीओपनएच, एलओपनओ काय आहे? मोर्स कोड?" मी सांगितलं, पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मध्ये प्रवर्ग. शेवटी एच म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीतली मुलं, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यभराची एकच यादी. व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी एस बघायचं, मुंबई विद्यापीठाच्या बाकीच्या कॉलेजांत तिच्यासाठी एच.

"म्हणजे मी इतका वेळ जी ची ओळ वाचतोय."

"जी वाचाच. पण एल सुद्धा वाचा. मुलगी दोन्हीकडे चालते."

काकांनी चष्मा वर सरकवला, जिन्यातूनच वर हाक मारली, "अगं, तुझी वही आण, आणि पेन," आणि आमच्या सोफ्यावर बसून एल ची ओळ बोटाने शोधायला लागले.